सुकेशनीची पिकअप आणि गावभरचे सल्ले

चुडाव्याच्या स्टेशनकडून गावात शिरताना हिरवं शेडनेट दिसतं, ती सुकेशनीची रोपवाटिका. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी आणि दिवाळीच्या आधी झेंडू. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून ती बी लावते, रोप बोटभर वाढलं की शेतकऱ्यांना पोचतं करते. तिचा नवरा सिद्धोधन पूर्णेला एका पतसंस्थेत कारकून आहे. रोपवाटिकेशी त्याचा संबंध एवढाच, की सुट्टीच्या दिवशी तो पाणी मारतो आणि मारताना अर्ध्या ट्रेंमधला भुसा उडवतो.

पहिली काही वर्षं ती भाड्याच्या टेम्पोनं रोपं पाठवायची. टेम्पोवाले रस्त्यात चहाला थांबत, पाहुण्यांना भेटत, आणि तोवर रोपं उन्हात माना टाकत. शेतकरी फोन करून तिलाच बोलायचे. शेवटी तिनं ठरवलं, गाडी आपली पाहिजे आणि चालवायलाही आपणच पाहिजे. परभणीला जाऊन ती ड्रायव्हिंग शिकली. शिकवणारा आधी म्हणाला, बाईनं छोटी कार शिकावी. ती म्हणाली, "कारमधी ट्रे बसत न्हाईत."

सिद्धोधनला गाडी येत नाही. तरुणपणी त्यानं मित्राची मोटरसायकल नाल्यात घातली होती, तेव्हापासून त्यानं कुठल्याच हँडलला हात लावला नाही. तरी नवी पिकअप आणायला तो सोबत गेला, कारण घरातल्या पुरुषानं जावं असं सगळ्यांनाच वाटलं. त्यालाही वाटलं.

गाडी दारात आली आणि सल्ले सुरू झाले.

शेजारचे बालाजीभाऊ सगळ्यात पुढे. त्यांचा ट्रॅक्टर सुकेशनी लग्न होऊन आली तेव्हापासून अंगणात उभा आहे, त्यामुळं डिझेलच्या कुठल्याही इंजिनावर शेवटचा शब्द आपला असं ते धरून चालतात. त्यांनी बॉनेटवर थाप मारली.

"वहिनी, डिझेलचं इंजिन हाय. सकाळी चालू करायचं आन् अर्धा तास तसंच सोडून द्यायचं. तेल वर चढू द्यायचं. आन् नवीन हाय तवर चाळिसाच्या वर न्यायची न्हाई. इंजिन सेट होऊ द्या आधी."

कुणी म्हणालं पुढे लिंबू-मिरची बांधा. त्यावर सुकेशनीची सासू सरजाबाई ओट्यावरूनच बोलली, "आमच्या घरात ते चालत न्हाई. मिरच्या आमच्या शेडमंदी लय हायेत, त्या इकायच्या हायेत, बांधायच्या न्हाईत."

लोक हसले. पण बाकीचे सल्ले काही थांबले नाहीत. डिझेल नांदेडलाच भरा. डिझेल नांदेडला अजिबात भरू नका. रोज थोडी तरी फिरवा. उगीच फिरवू नका. सुकेशनी सगळ्यांना मान डोलवत राहिली. तिची पहिलीच गाडी होती, आणि इतकी माणसं सांगतात त्यात काहीतरी खरं असेलच, असं तिला वाटलं. बालाजीभाऊंचं तर तिनं तंतोतंत पाळलं. रोज सकाळी गाडी चालू करून ती ट्रे भरायला घ्यायची, तोवर गाडी अंगणात घुर्र करत उभी. मग ती हळूहळू जायची. आज या वस्तीवर, उद्या त्या मळ्यात, सगळं गावाच्या आसपास. गाडी सुरू होऊन नीट तापायच्या आत शेत यायचं.

महिनाभर बरं चाललं. मग एक दिवस समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. सायलेन्सरसारखं काहीतरी चित्र आणि त्यात ठिपके. त्याच दिवशी गाडी घरी येऊन उभी राहिली तेव्हा इंजिन आपोआप जोरात फिरायला लागलं आणि तापलेल्या लोखंडासारखा वास सुटला.

बालाजीभाऊ ओरडतच आले. "बंद करा, वहिनी! जळायलीय गाडी!"

सरजाबाईही धावत बाहेर आली. "सुकेशनी, उतर खाली! पेटंल ती!"

तिनं किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं, वास हळूहळू गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दिवा, जोरात फिरणारं इंजिन, तो वास, आणि कुणीतरी ओरडणार, बंद कर. शेतात गेली तर शेतकरी म्हणायचे, ताई, बंद करा, आमच्या कडब्याला आग लागंल. ती बंद करायची. दिवा जास्त वेळा लागायला लागला.

एकदा मात्र तिला नांदेडला बियाणं आणायला जावं लागलं. मोठ्या रस्त्यावर मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवून वाजवून तिला चाळिसाच्या वर न्यायलाच लावलं. नांदेडला पोचेपर्यंत दिवा विझला होता. तिच्या ते लक्षात आलं. घरी येऊन तिनं सिद्धोधनला सांगितलं, "लांब पळवली की दिवा जायलाय. हे काहीतरी येगळंच हाय."

तो पेपर वाचत होता. म्हणाला, "बालाजीभाऊला इचार."

तिनं पूर्णेच्या मेकॅनिकला विचारलं. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सायलेन्सरमधी एक डबा हाय, तो कापून टाकू. झंझटच न्हाई राहायची." नवी गाडी कापायची कल्पना तिला पटली नाही. मग तिनं परभणीच्या शोरूमला फोन लावला, जिथून गाडी घेतली होती. तिकडच्या मुलानं तिचं बोलणं अर्धवट ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, साहेबांना फोन द्या ना, त्यांना समजावून सांगतो."

"गाडी मी चालवते."

"हो, पण साहेब आहेत का जवळ?"

तिनं फोन कट केला. आता तिला वाटतं, तेव्हा राग गिळून अजून दोन प्रश्न विचारले असते तर पुढचं टळलं असतं. पण दिवसभर चिखलात, उन्हात राबलेल्या माणसाला किती गिळायला लावायचं, हाही प्रश्नच आहे.

जूनमध्ये मोठी ऑर्डर आली. मानवतजवळचे किशनराव, जुने बागायतदार, त्यांना मिरचीची रोपं हवी होती. वाफे तयार, ठिबक चालू, लावणीला बायका सांगून ठेवलेल्या. "ताई, सकाळच्या पारी पोचव. उन्हाच्या आत लावणी झाली पायजे," ते म्हणाले. गिऱ्हाईक नवं होतं. त्या भागात नाव झालं तर सेलूपर्यंत रोपं जातील, असा तिचा हिशेब.

उजाडताना ती निघाली. दिवा आदल्या दिवसापासून लागलेलाच होता. तिला वाटलं, लांबचा रस्ता आहे, नांदेडसारखा जाईल. पण तो पिवळा राहिला नाही. परभणीच्या वाटेवरचा झिरो फाटा मागे टाकल्यावर थोड्याच वेळात शेजारी दुसरा दिवा लाल झाला, आणि गाडीतला जोरच गेला. पाय पार खाली दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीनं. मागून येणारी एसटी, मोटरसायकली, खत नेणारे ट्रॅक्टरसुद्धा पुढे गेले. एक मोटरसायकलवाला जाताजाता ओरडला, "बाई, गियर बदला!"

तिनं गाडी रस्त्याकडेच्या बाभळीखाली घेतली. सावली कसली, नुसती जाळीदार. तिनं सिद्धोधनला फोन केला. त्यानं बालाजीभाऊंना केला. बालाजीभाऊंनी तिला केला.

"वहिनी, गाडी गरम झाली आसंल. बंद करून घंटाभर थांबा."

"भाऊ, गाडी गरम न्हाई. रोपं गरम व्हायलीत."

तिनं फोन ठेवला आणि जवळच्या चहाच्या टपरीवरून बादली मागून आणली. ट्रेवर पाणी शिंपडत राहिली. किशनरावांचे फोन येत होते. पहिल्यांदा त्यांनी "कुठपर्यंत आलीस?" असं विचारलं, नंतर "बाया बसून हायेत" असं सांगितलं, आणि मग फोन येणंच बंद झालं. ते बंद होणं तिला सगळ्यात जास्त लागलं.

सिद्धोधन एका ओळखीच्या माणसाच्या टेम्पोतून आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दोघांनी मिळून ट्रे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत घातले. ती ट्रे उचलत होती आणि तो सांगत होता, "मी म्हणलो व्हतो तुला, भाड्याचा टेम्पो बरा." तिनं ट्रे त्याच्या हातात जरा जोरात ठेवला.

दोघं मानवतला पोचले तेव्हा बरीच रोपं लोळली होती. लावणीच्या बायका दुसऱ्याच्या शेतात निघून गेल्या होत्या. किशनराव चिडले नाहीत, त्याचंच तिला वाईट वाटलं. त्यांनी ट्रे पाहिले, जगतील अशी रोपं बाजूला काढून घेतली, बाकीची परत नेण्याची खूण केली. म्हणाले, "तुझं रोप चांगलं हाय गं. पण वेळेला न्हाई आलं तर चांगल्याचं काय करू?"

पिकअप दोरानं ओढत दोघांनी परभणीच्या शोरूमला नेली. तिथल्या कारागिरानं गाडीला मशीन जोडलं, पडद्यावर बघितलं आणि विचारलं, "गाडी जवळजवळच फिरते का तुमची? उभी असताना चालू ठेवता का?"

सुकेशनीनं सगळं सांगितलं.

"मग काय होणार मॅडम," तो म्हणाला. "नव्या डिझेल गाड्यांना धूर गाळायची जाळी असते. तिच्यात काजळी साठते. गाडी जरा वेगानं, न थांबता पळाली की ती काजळी आपोआप जळते. वास येतो, इंजिन जोरात फिरतं, ते त्याच्यासाठीच. तेव्हा बंद करायची नसते. तुम्ही दर वेळी मध्येच बंद केली. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर उलट काजळी वाढते. हे जुन्या ट्रॅक्टरसारखं नाही."

"मग हे गाडी देताना कामून न्हाई सांगितलं?"

"सांगतातच. सगळ्यांना सांगतात."

त्यांना गाडी विकणारा मुलगा काउंटरवरच होता. त्याला बोलावलं. त्यानं सुकेशनीकडं पाहिलं, मग सिद्धोधनकडं पाहून त्याचा चेहरा खुलला. "सांगितलंय ना. साहेबांना सगळं नीट समजावलं होतं. चहा घेताना. मॅडम तेव्हा मागे हौद्यात ट्रे किती बसतील ते मोजत होत्या."

सुकेशनी नवऱ्याकडं वळली.

सिद्धोधननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कायतरी जाळीचं बोलला व्हता तो," तो म्हणाला. "मला वाटलं रेडिएटरपुढं डासाबिसासाठी आसती तशी जाळी आसंल. तो लय फास्ट बोलत व्हता. मी हो हो म्हणलो."

"आन् मला सांगितलं न्हाई."

"त्यात सांगण्यासारखं काय हाय आसं वाटलं न्हाई."

ती त्या मुलाला म्हणाली, "गाडी कोण चालवणार, हे इचारायला पाहिजे का न्हाई? गाडी माझ्या नावावर. लायसन माझं. तुमी सांगितलं कुणाला, तर ज्यांना सायकलबी धड येत न्हाई त्यांना."

तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि सवयीनं सिद्धोधनकडंच बघत राहिला.

कारागिरानं मशीन लावून जाळीतली काजळी जाळून टाकली. गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळायला लागली. परतीच्या वाटेवर पूर्णा जवळ आली तेव्हा सिद्धोधन म्हणाला, "चुकलं माझं."

"तुमचं एकट्याचं न्हाई," ती म्हणाली. "बालाजीभाऊचं म्या ऐकलं. मेकॅनिकचं ऐकता ऐकता वाचले. समदे बोलायलेत आन् ज्याला म्हाईत हाय तो माझ्याशी बोलायला तयार न्हाई. मी करू तरी काय?"

त्या आठवड्यात त्यांच्या घरात बोलणं कमीच झालं. सरजाबाई दोघांना भाकरी वाढायची आणि दोघांकडं आळीपाळीनं बघायची. एकदा तिनं मुलालाच सुनावलं, "कळत न्हाई तर म्हणावं, माझ्या बायकोला सांगा. तेवढं म्हणायला काय जीभ झिजती का?"

सुकेशनीनं कामाची पद्धत बदलली. गावाजवळच्या शेतकऱ्यांना सांगितलं, ट्रे शेडवरून न्या, मोटरसायकलला दोन-दोन ट्रे बांधून द्यायची सोय करते. काही आले, काही रागावले. "गाडी घेतली आन् आता दारात याया तयार न्हाई," असं म्हणून दोघा-तिघांनी दुसऱ्या रोपवाटिकेची वाट धरली. लांबच्या खेपा तिनं एकत्र केल्या. दिवा लागला की ती काम सोडून गाडी मोठ्या रस्त्यावर काढते आणि दिवा जाईपर्यंत परत फिरत नाही. सकाळी इंजिन चालू करून सोडायचं बंद केलं. बालाजीभाऊ अजूनही कुंपणावरून म्हणतात, "वहिनी, थंड इंजिनाला पळवू नका, आयुष्य कमी व्हतंय." ती हात हलवते आणि निघते. एकदा तिनं त्यांना जाळीचं सगळं समजावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कंपनीवाले कायबी सांगतेत."

किशनरावांसाठी तिनं स्वतःच्या खर्चानं नवी रोपं लावली. ती तयार झाल्यावर त्यांना फोन केला. ते लगेच हो म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, "घेऊन ये."

या वेळी ऊन वर यायच्या आत ती मानवतला पोचली. लावणीच्या बायकांनी थेट हौद्यातून ट्रे उतरवून घेतले. किशनरावांची बायको बायनाबाई चहा घेऊन बांधावर आली. गाडीत दुसरं कुणी आहे का हे तिनं वाकून पाहिलं.

"एकटीच आलीस?"

"एकटीच."

"मग ड्रायव्हर?"

"मीच की."

बायनाबाई हसली आणि तिच्याशेजारी बांधावर बसली. किशनराव मात्र तोवर गाडीभोवती एक चक्कर मारून आले होते. त्यांनी मागचं टायर पायानं दाबून पाहिलं.

"ताई, मागच्या चाकात हवा जरा जास्त हाय. वज्याची गाडी हाय, हवा कमीच ठिवावी."

हे चूक आहे, हे सुकेशनीला माहीत होतं. ओझ्याच्या गाडीला हवा पुरेपूर लागते, त्या दिवशी परभणीला तिनं ते स्वतः विचारून घेतलं होतं. पण रोपं वाफ्यात लागत होती, माणूस वयानं मोठा होता आणि तो आत्ताच कुठे पुन्हा गिऱ्हाईक झाला होता. तिनं चहाचा घोट घेतला.

"बरं मामा," ती म्हणाली, आणि रिकामे ट्रे गोळा करायला उठली.