आधी सही, मग शाल

अर्धा पगार मिळावा म्हणून कोणी भांडतं का? मी भांडले. पुऱ्या पगारासाठी भांडणाऱ्याला निदान चार लोक शाबासकी तरी देतात. अर्ध्यासाठी भांडणाऱ्याकडे लोक असे पाहतात, जसं काही ही बाई घरी पडून फुकट मागून राहिली आहे.

लाखनीकडच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा परिचर आहे. म्हणजे पोरांनी फोडलेल्या काचनळ्या झाडायच्या, आणि शाळेत सत्कार असला की ताट सजवायचं. आमच्याकडे सत्काराला कारण लागत नाही. कोणाचा पोरगा पास झाला, कोणाची बदली झाली. एका सरांची चोरीला गेलेली मोटरसायकल सापडली तेव्हाही शाल-नारळ झाला होता. मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना, शाल पांघरतानाचा फोटो काढून घ्यायचा भारी शौक. सत्कार कोणाचाही असो, फोटोत मधोमध तेच.

डिसेंबरात न्हाणीत माझा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला नेऊन आत सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल, त्याची काळजी नको. गुडघ्याची करा. रोज वाकवून घ्यावा लागेल. तीन-चार महिने तसाच राहिला तर मग तो ऐकणार नाही." म्हणून व्यायाम करवून घ्यायला एक फिजिओथेरपीवाल्या मॅडम घरी येऊ लागल्या. त्या गुडघा दाबायच्या, मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण गुडघा रोज थोडा थोडा वाकत होता.

माझी भरपगारी रजा जानेवारीत संपली. पुढची अर्धपगारी. आमच्या यांचं हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान आहे. त्यात घर चालतं, मॅडमची फी निघत नाही. फी माझ्या अर्ध्या पगारातून निघाली असती. पण रजा मंजूर झाल्याशिवाय तो अर्धाही निघत नाही, आणि माझा अर्ज शाळेच्या कारकुनाकडे होता. त्यांना सगळे बाबूजी म्हणतात.

बाबूजींनी पहिल्यांदा सांगितलं, "सर्टिफिकेटवर डॉक्टरचा नंबर दिसून नाही राहिला." तो आणून दिला. मग म्हणाले, "प्रायव्हेटचं चालत नाही, सरकारी पाहिजे." झालं! ऑटोच्या सीटवर पाय लांब करून मी भंडाऱ्याला गेले. रस्त्यात गतिरोधक किती आहेत ते मला आता तोंडपाठ आहे. सरकारी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "हे तर मोडलंच आहे." एवढं ऐकायला मी गेले होते. तोही कागद दिला. त्यानंतर एकच उत्तर: "सरांच्या सहीले ठेवला आहे." आमचे हे दुकान बंद करून शाळेत जायचे आणि तेच उत्तर घेऊन परत यायचे. वर सगळे यांना विचारायचे, "ताईची तब्येत कशी आहे?"

फेब्रुवारीत मॅडमना बंद केलं. त्या म्हणाल्या, "ताई, आता मधेच सोडू नका हो." मी म्हटलं, "मले काय हौस आहे?" टॉवेल बांधून मी स्वतःच पाय ओढायची. पण दुसरा माणूस दुखलं तरी दाबतो. आपला हात दुखलं की थांबतो. एका दुपारी गुडघ्यावर बुक्क्या मारून मारून मी रडले. सांगायला लाज कसली!

मार्च संपता संपता शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: उद्या चार वाजता ताईंची सदिच्छा भेट, सर्वांनी उपस्थित राहावे. आठ जण आले. नारळ आणला, शाल आणली. शाल मी लगेच ओळखली. मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे पाहुणे ती खुर्चीवर विसरून गेले होते, आणि मीच तिची घडी घालून कपाटात ठेवली होती.

"ताई, जरा उजेडाकडे तोंड करा," मोठे सर म्हणाले. कोणीतरी मोबाईल धरला. सरांनी शाल उघडली. मी तिचं एक टोक घट्ट धरलं.

"सर, माझी रजा मंजूर झाली का?"

"होऊन जाईल ना ताई. पहिले तब्येत, मंग पगार."

"पगार नाही म्हणूनच तब्येत अडली आहे, सर."

सरांनी बाबूजींकडे पाहिलं. बाबूजींनी पंख्याकडे पाहिलं. "सर, फाईल तुमच्याच टेबलावर आहे. वार्षिकांकाच्या गठ्ठ्याखाली."

"मंग घेऊन या," मी म्हटलं. "आधी सही, मंग शाल."

"अवो ताई, असं काहून करता? लोक काय म्हणतील?"

"तुमाले फोटो पाहिजे ना? मले सही पाहिजे."

आमचे हे मोठ्या माणसांपुढे तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी दारातून पुढे आले आणि गाडीची किल्ली बाबूजींच्या हातात ठेवली. "जा बाबूजी. पेट्रोल आहे तिच्यात."

बाबूजी येईपर्यंत अर्धा तास गेला. घरात खुर्च्या तीन, पाहुणे सात, पंखा एक. यांनी डोळ्यांनीच विचारलं, चहा ठेवू का? मी मान हलवली, नाही. आमच्याकडे आल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे पाप. मी ते केलं आणि मला बरं वाटलं. फाईल आली. सत्काराच्या ताटावर ठेवून सरांनी सही केली. मग मी शाल सोडली आणि फोटोत मनापासून हसले. ग्रुपवर तो फोटो 'शाळेची माणुसकी' म्हणून फिरला.

एप्रिलात अर्धा पगार आला आणि मॅडमही परत आल्या. त्यांनी गुडघा धरला, वाकवला, आणि तो मधेच थांबला. त्यांनी जोर लावला. लाकडासारखा तसाच. "दोन महिने आधी बोलावलं असतं तर..." एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. आता मला मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही.

गेल्या महिन्यात मोठे सर रिटायर झाले. निरोपाला सगळे सतरंजीवर बसले होते, मी एकटी भिंतीजवळ खुर्चीवर. सर माइकवर म्हणाले, "नियम आपल्या जागी, माणूस आपल्या जागी. त्या ताईंना विचारा, मी त्यांच्या घरी जाऊन सही केली होती." टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्याजवळ नव्हता, पण हॉल काही एवढा मोठा नाही.

"सर," मी म्हटलं, "दोन महिने पहिले केली असती, तर आज मीही सगळ्यांसंग खाली बसली असती."

टाळ्या थांबल्या.