पत्रातून पाठवलेलं घर

लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत माझ्या नवऱ्याला लढाईसाठी पलटणीतून बोलावणं आलं. भिंगारच्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच उरलो. दोन खोल्या, वर पत्रा. निघताना ते मला म्हणाले, "घरात काही बदल केला तर कळवत जा. नुसतं लिहू नको, चित्र काढून पाठव."

सासूबाईंनी त्याच उन्हाळ्यात घराला हात घातला. पुढचा रस्ता भर टाकून उंच झाला होता, म्हणून आधी दार बाजूच्या भिंतीत नेलं. मग मागच्या अंगाला स्वयंपाकघर काढायचं ठरलं. त्या सांगायच्या आणि मी आंतरदेशीय पत्रावर चौकोन आखायचे.

"हितं चूल. हितं मोरी. आन् चुलीपाशी खिडकी, धूर जायाला. लिव त्याला."

मी लिहिलं. गवंडी आला तेव्हा मात्र त्या शेजारच्या गोठ्याकडे बघत म्हणाल्या, "खिडकी नको रे बाबा. शेनाचा वास यील घरात." भिंत सलग उठली.

"त्यांना कळवू का?" मी विचारलं.

"कशाला? उद्या परत मन बदललं म्हंजी?"

आणि ते बदलायचंच. मोरी एकदा उजवीकडे ठरली, एकदा डावीकडे. काय ठरलं, काय लिहिलं आणि काय बांधलं, माझ्या डोक्यात सगळा गुंता झाला. एकदा खरकटे हात घेऊन मी कोऱ्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिले. मोरी तिथे फक्त चित्रात होती.

लढाई संपल्यावर ते रजेवर आले. नव्या दारातून न चुकता आत शिरले, ट्रंक ठेवली, तडक चुलीपाशी गेले आणि भिंतीवरून हात फिरवू लागले.

"आई, खिडकी कुठंय?"

"कसली खिडकी?"

"हिनं लिहिली होती ती."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"डोळे मिटले की मी त्या खिडकीशी येऊन बसायचो," ते हळूच म्हणाले. "तू भाकरी थापतेयस आणि बाहेरून उजेड येतोय."

हसावं की रडावं, मला कळेना. सासूबाई पीठ मळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं दोरी काढली, एक टोक मला धरायला लावलं आणि सगळं घर मोजून स्वतःच चित्र काढलं. बिनखिडकीचं. जाताना ते घडी करून खिशात घातलं. "आता हे पक्कं," म्हणाले.

ते गेले आणि सासूबाई गवंड्याला घेऊन आल्या. "खिडकी पाडायची हाय. पोरगं म्हनत हुतं न्हवं!"

भिंत फुटली. उजेड आला, गोठ्याचा वासही आला. मी पत्र घेऊन बसले, पण एक रेघ ओढता येईना. हेही उद्या बुजवलं तर? शेवटी सासूबाईंनाच विचारलं, काय लिहू?

"समदी खुशाल हायेत म्हनून लिव," त्या म्हणाल्या.

मी तेवढंच लिहिलं.