मास्तरांच्या अर्जाचं पहिलं वाक्य

लढाईच्या दिवसांत मी साताऱ्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. एकदा शिराळ्याकडचे एक मास्तर आले. सततच्या बदल्यांना कंटाळून त्यांना शाळा सोडायची होती, रेशनिंगच्या खात्यात जायचं होतं. अर्जाची सुरुवात त्यांनी घरूनच लिहून आणली होती : "मी एक गरीब, कष्टाळू शिक्षक असून..."

"मास्तर, नोकरी मागताय की वर्गणी?" मी विचारलं.

ते ओशाळून हसले. "आवं, पोरांना रोज सांगतो, पहिलं वाक्य ठसठशीत पाहिजे. सोतावर आलं तवा सुचतच न्हाई बघा."

मी नवं वाक्य लिहायला घेतलं, तर ते खांद्यावरून वाकून माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारू लागले. शेवटी मी टाक खाली ठेवला.

"शाळेत तुम्ही करता काय, तेवढं सांगा."

"काय करणार? चार इयत्ता एकाच खोलीत. एकीला पाढे, दुसरीला कविता. पण दंगा होऊ देत न्हाई."

मी तेच लिहिलं : "एकाच खोलीत चार वर्ग शांतपणे सांभाळण्याचा मला अनुभव आहे."

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. "हे मीच व्हय?" म्हणाले, आणि सदऱ्याच्या सुरकुत्या सारख्या करून ताठ चालत गेले.

त्यांना नोकरी लागली. पुढं इस्लामपुरात रेशनच्या धान्याच्या दुकानासमोर रांग लावताना ते मला दिसले. रांगेतली बापई माणसं हाताची घडी घालून गप्प उभी होती.

"सुटली ना एकदाची शाळा?" मी विचारलं.

"कुठली सुटतीय?" ते हळूच म्हणाले. "पोरं तेवढी थोराड झाल्यात."