तोकालनं अर्धं सोडलेलं काम

तोकाल गिलावेकऱ्याच्या तोंडी कुणी लागत नसे. भट्टीवाल्यानं कच्चा चुना पाठवला, तर टोपलं त्याच्याच डोक्यावर उपडं करणारा माणूस तो. त्याची बायको इश्नाल म्हणायची, "यांचा राग नाकावर नसतो बाई, यांच्या पुढे दोन हात चालतो."

पण हात मात्र असे, की बत्तीस वर्षं राजवाड्याच्या खांबांवर दुसऱ्या कुणाला कुणी चढू दिलं नाही. राजा साठीचा झाला तरी भिंतीवर तो विशीतलाच काढायचा, हा इथला रिवाज. तोकाल त्यालाही शिव्या घालायचा. "पोट आलंय गुडघ्यांवर, आणि मी काढतोय सपाट!" म्हणायचा आणि काढायचा.

चुन्याची मूर्ती आम्ही आधी अंगानं पुरी करतो. छाती, मांड्या, बेंबी, सगळं. मग ओल्या चुन्याचे पातळ थर देत तिला नेसवायचं: कासोटा, त्यावर पट्टा, गळ्यात हिरवे मणी, पायांत वहाणा, शेवटी पिसांचा मुकुट. नवे गडी हसायचे, "तोकालबाबा, कासोट्याखालचं कोण बघणार?" तो म्हणायचा, "मग कासोटा कशावर बांधू? वाऱ्यावर?" नेसवून होईपर्यंत परांचीभोवती चटयांचा आडोसा असायचा, कारण आमच्या भिंतींवर उघडा-नागडा काढतात तो फक्त लढाईत धरलेला कैदी. राजाला तसं कुणी पाहायचं नसतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात राजा डोंगरापलीकडच्या लोकांवर चालून गेला. ढोल, शंख, पिसं, काय तो थाट! पाचव्या दिवशी तो परत आला तेव्हा पालखी चिखलानं माखली होती आणि ढाल नव्हती. ढाल धरणारा साकमोही नव्हता. साकमो म्हणजे तोकालचा एकुलता एक मुलगा.

परत आलेल्यांपैकी एकानं परसात येऊन, खालच्या आवाजात सांगितलं, "नदीवर त्यांनी गाठलं. राजा होडीत उडी मारून बसला आणि होडी लोटायला लावली. मागं साकमो धरून अकराजण राहिले. जिवंत होते, काका. हात बांधताना पाहिलं मी."

जिवंत! पलीकडचे लोक धरलेल्यांना लगेच मारत नाहीत, सण येईपर्यंत राखतात. तोवर इकडून राजाचा दूत गेला, मागणं घातलं, तर माणसं सुटतात. आजवर कितीतरी सुटली होती. पण दूत पाठवायचा तर माणसं मागं राहिली हे राजानं तोंडानं कबूल करायला हवं. आणि दुसऱ्याच दिवशी चौकात दवंडी पिटली, की राजा जिंकून आला, मागं कुणी राहिलेलं नाही, आणि राहिलं असं जो म्हणेल त्याची जीभ कापली जाईल. पळपुट्याची मिजास बघा!

त्याच दुपारी कारभारी माश तोकालच्या दारात. "मधल्या खांबावर राजा काढायचा. पायाखाली कैदी."

"कैदी कुठला?"

"तुला काय करायचंय? काढ कुठलाही."

तोकालच्या अंगाची लाही लाही झाली. पण पोराचा जीव टांगलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं राग गिळला. "काढतो, कारभारी. फक्त एवढं राजाच्या कानावर घाला. अकरा माणसं आहेत. एक दूत पाठवा."

"कोण अकरा?" माश म्हणाला. मग त्याचा चेहरा पाहून म्हणाला, "काम नीट कर. बघू."

हे 'बघू' मेलं फार वाईट. तोकाल रोज परांचीवरून उतरला की विचारायचा, आणि माश रोज म्हणायचा बघू. मांड्या झाल्या, बघू. छाती झाली, बघू. इश्नाल चुन्यात घालायचा सालींचा चिकट काढा ढवळत सगळं ऐकायची. मक्याची आंबील वाडग्यातच नासून जायची.

पन्नासाव्या दिवशी राजा अंगानं पुरा झाला, तोंडासकट. दोन दिवसांवर उत्सव. आता नेसवायचं. इश्नालनं कासोट्यासाठी चाळलेला चुना वर आणला आणि मडकं त्याच्या हातात दिलं नाही, फळीवर आपटलं.

"घाला! नेसवा तुमच्या राजाला! मणी घाला, वहाणा घाला! माझं पोर तिथं नागडं बांधून ठेवलंय, आणि बाप इथं त्याला सोडून पळालेल्याला सजवतोय. लाज नाही वाटत?"

तोकालनं हाडाची कोरणी वर उचललेली होती. ती तशीच खाली ठेवली. मडक्यातला चुना त्या संध्याकाळी मडक्यातच दगड झाला. दोन दिवस तो आडोशाआड नुसता बसून राहिला, आणि बाहेर सगळ्यांना वाटलं, म्हातारा मणी कोरतोय.

उत्सवाला चौक भरला. राजा पालखीत. राळेचा धूर, शंख, आणि माशनं इशारा केला तशा चटया खाली पडल्या.

खांबावर राजा. तोंड त्याचंच, नाक त्याचंच. अंगावर सूत नाही, मणी नाही, पाय अनवाणी. पायाखाली कैदी काढलेलाच नव्हता. इतक्या खांबांवर इतके कैदी पाहिलेल्या लोकांना काय समजायचं ते समजलं. शंखवाल्यांची फुंकच अडकली.

माश धावत आला. "नेसव त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"वाळला तो," तोकाल म्हणाला. "वाळल्यावर थर धरत नाही."

ही थाप होती. पाणी मारून खरवडलं तर धरतो. तिथं आणखी आठ गिलावेकरी उभे होते आणि आठांनाही हे ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

"मग फोड!"

तोकालनं दगडी हातोडा उचलून त्याच्यापुढे धरला. "घ्या, तुम्ही फोडा. राजाचं रूप आहे. त्यावर घाव घालील त्यानं राजावर घातला. चला, होऊ द्या!"

माशनं हात मागं घेतला. त्यानं शिपायांकडे पाहिलं, शिपाई जमिनीकडे पाहू लागले. मग तोकाल पालखीकडे वळला आणि साठलेलं सगळं बाहेर पडलं. "साकमो! माझा मुलगा! तुझी ढाल धरत होता, आणि तू त्याला काठावर टाकून पळालास!" मागून एक बाई आपल्या मुलाचं नाव ओरडली. मग दुसरी. किती जिभा कापणार?

राजानं खांबावरच्या स्वतःकडे पाहिलं. मग दातओठ खात म्हणाला, "कसंही करून आधी मला नेसव. मग दूत पाठवतो."

"आधी दूत," तोकाल म्हणाला, "मग कासोटा."

दूत गेला. राजा आठ दिवस खांबावर तसाच उभा होता, आणि लोक बाजाराला जाताना मुद्दाम त्या वाटेनं जायचे.

आठव्या दिवशी दूत परतला. एकटाच. चौकात त्यानं सांगितलं, "वीस दिवसांपूर्वी त्यांचा सण झाला. ते म्हणाले, चाळीस दिवस आम्ही तुमच्या माणसांना जेवू घातलं. रोज वाटेवर माणूस बसवला. कुणी विचारायलाच आलं नाही. वाटलं, तुम्हाला नको असतील."

पुढचं काय सांगायचं! आता धरून ठेवायला तोकालकडे काही उरलं नव्हतं. आठ गिलावेकऱ्यांनी भाल्यांच्या धाकानं राजाला नेसवलं. शिपायांनी तोकालच्या उजव्या हाताची बोटं मोडली.

तरीही लोक गुपचूप त्याच्याकडे यायला लागले. मक्याचे उंडे आणायचे, कोको आणायचे. एक दिवस चारपाचजण बसले होते. त्यातला एक म्हणाला, "तोकालबाबा, तुमच्यासारखी छाती कुणाची नाही. भर चौकात राजाला उघडं पाडलंत!"

तोकालनं मोडक्या हातानं उंड्यांची पाटी उडवून दिली.

"छाती? अरे, पोर जिवंत होतं तेव्हा चाळीस दिवस मी 'बघू' ऐकत त्या हरामखोराच्या मांड्या घोटत बसलो होतो! पहिल्या दिवशी ओरडलो असतो तर साकमो इथं बसला असता. आणि तुम्ही? तुम्हालाही ठाऊक होतं! उठा. चालते व्हा माझ्या घरातून!"

ते उठले. इश्नाल दारातच उभी होती. तिनं कुणालाही थांबवलं नाही.