सोयरिकीची चौकशी आणि माझं लॉगिन

आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी चौकशी होते. पोराचीही होते, पण पोरीची जरा जास्तच खोदून होते. पूर्वी ही चौकशी गावातल्या किराणा दुकानावर नाहीतर एखाद्या ओळखीच्या मास्तरकडे व्हायची. गेल्या काही वर्षांत ती माझ्याकडे येऊ लागली, कारण बुलढाण्यातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांची सगळी माहिती मी सांभाळतो. प्रवेशाचं सॉफ्टवेअर, परीक्षेचे अर्ज, विद्यापीठाचं पोर्टल, कोणत्या कारकुनाला कोणतं पान दिसावं आणि कोणतं दिसू नये, हे सगळं माझ्या हातात असतं.

मग नात्यातलं कोणीतरी फोन करायचं. पोरगी खरंच बी.एस्सी. झाली का, बायोडेटात लिहिलेली जन्मतारीख बरोबर आहे का, एखादा विषय राहिलाय का. मी स्क्रीनवर बघून सांगायचो. त्यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट लग्नाच्या पंगतीत लोक हाताला धरून मला शेजारी बसवून घ्यायचे आणि मला ते आवडायचं. लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

आणि दुसरीकडे मी भाषणं ठोकत होतो. विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता सांभाळायला प्रत्येक महाविद्यालयानं एक माणूस नेमावा, असं विद्यापीठाचं पत्र आलं आणि प्राचार्यांनी माझं नाव टाकलं. दर जूनमध्ये मी कार्यालयातल्या सगळ्यांना समोर बसवून दोन तास पिडायचो. "विद्यार्थ्याची माहिती त्याची स्वतःची असते, आपण नुसते राखणदार," हे माझं ठरलेलं वाक्य. आमच्या वयस्कर मुख्य लिपिकांनी एकदा चुकून मुलींच्या मोबाइल नंबरांची यादी व्हॉट्सअॅपच्या भलत्याच ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत त्यांनी ती काढली, तरी मी त्यांना भर बैठकीत उभं केलं. निवृत्तीला आलेला माणूस, हात जोडून "साहेब, चुकलं" म्हणाला. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

वरवट बकालकडच्या एका खेड्यातली एक मुलगी आमच्याकडे शिकत होती, वसतिगृहात राहायची. दुसऱ्या वर्षाला असताना तिला टीबी झाला आणि ती वर्षभर घरी राहिली. औषधाचा पूर्ण कोर्स करून, बरी होऊन परत आली तेव्हा मधल्या वर्षाचं कारण दाखवायला डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडणं भाग होतं. माझ्या टेबलापाशी ती तो कागद घडी घालून मुठीत धरून उभी होती. मीच तो तिच्या हातातून घेतला, स्कॅन करून तिच्या फाइलला लावला आणि म्हणालो, "काळजी करू नको, हे कोणी बघत नाही." ती हसली होती.

ती शेवटच्या वर्षाला असताना धाड गावाहून माझ्या साडूचा फोन आला. दुपारची सुट्टी होती, माझा डबा उघडलेला होता.

"सायेब, एक काम होतं. पुतण्यासाठी एक पोरगी पाह्यली. पोराले लय पसंत हाये. तुमच्याच कॉलेजात हाये म्हंते, जरा पाहून सांगा ना."

पुतण्या संभाजीनगरला कंपनीत होता. साडूनं मुलीचं नाव सांगितलं तरी मला चेहरा आठवला नाही. फाइल उघडली, फोटो दिसला, तेव्हा आठवला. तिथेच थांबता आलं असतं.

"मार्क चांगले आहेत," मी म्हणालो. "जन्मतारीख बरोबर आहे. मधलं एक वर्ष तेवढं गॅप आहे."

"गॅप काऊन?"

"आजारी होती."

"कायची बिमारी?"

मी ते प्रमाणपत्र उघडलं. मला काय लिहिलंय ते माहीत होतं, तरी उघडलं. आणि सांगितलं. वर शहाण्यासारखं हेही सांगितलं की कोर्स पूर्ण झालाय, आता ती ठणठणीत आहे, घाबरण्यासारखं काही नाही. जणू मी तिची बाजूच मांडत होतो.

"बरं झालं सांगतलं," साडू म्हणाला. "नाही तं फसलो असतो आमी."

मी जेवलो. भाजी कोणती होती तेही आठवतं, वांग्याची होती.

आठवड्याभरात सोयरीक मोडल्याचं कळलं. साडूनं आपणहून फोन केला आणि म्हणाला, "तुमचं नाव कुठंच येऊ देलं नाही, बिनघोर राहा." खरं सांगायचं तर तेव्हा मला आधी हायसं वाटलं. त्या मुलीचं काय झालं असेल हा विचार नंतर आला, आणि तोही मी फार वेळ टिकू दिला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी ती स्वतःच माझ्या केबिनच्या दारात आली.

"सर, मागं तुमी तो कागद लावला होता ना, डॉक्टरचा. तो काढता येईन का?"

"का? काय झालं?" मी विचारलं. इतकं साळसूदपणे विचारलं की आज स्वतःचीच किळस येते.

तिनं सांगितलं. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या सुट्ट्यांच्या यादीकडे बघत होती. तिची सोयरीक जुळली होती. मुलगा फोनवर बोलायचा, चांगला वाटला, म्हणून तिनं आपण होऊन त्याला आजाराचं सांगितलं. त्यानं म्हटलं, मला काही फरक पडत नाही, पण घरी सांगू नको, म्हातारी माणसं उगीच घाबरतात. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या घरून निरोप आला.

"मी फक्त त्यालेच सांगितलं होतं, सर. त्याच्याशिवाय त्यायच्या घरी कोणालेच माहीत नव्हतं. मंग त्यानंच सांगितलं ना?"

एवढंच बोलायचं होतं मला, की त्यानं नाही सांगितलं. तीन शब्द. मी माउस हलवू लागलो.

"फाइलमधून कागद काढता येत नाही," मी म्हणालो. "नियमात बसत नाही. पण तो बंद करून ठेवतो. यापुढे माझ्या लॉगिनशिवाय कोणालाच दिसणार नाही."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "तुमी कोणाले सांगत नाही, मले माहीत हाय. त्याच्यासारखे नाही तुमी."

ती गेल्यावर मी सॉफ्टवेअरची नोंद उघडली. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता कोणाची फाइल उघडली, हे त्यात आपोआप चढतं. ही सोय मीच आग्रह धरून करून घेतली होती. तिच्या प्रमाणपत्रासमोर एकच नाव होतं, माझं. ती ओळ पुसायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. मी पुसली नाही, पण त्याचं श्रेय मला देऊ नका. पुसलं की पुसणाऱ्याचंही नाव तिथं चढतं, हे मला ठाऊक होतं.

परीक्षा झाल्या, ती गावी गेली. तिचा नंबर माझ्याकडे होता, म्हणजे फाइलमध्ये होता. फोन करून सांगावं असं अनेकदा मनात आलं. पण विद्यार्थ्याचा नंबर खासगी कामाला वापरू नये असा नियम आहे, अशी मी मनाची समजूत घातली. एवढ्या वर्षांत नियम मला नेमका तेव्हाच आठवला.

जूनमध्ये पुन्हा भाषण झालं. मुख्य लिपिक पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. एका नव्या मुलीनं विचारलं, "सर, घरच्याच माणसानं विचारलं तर?" मी ठणकावून म्हणालो, "घरच्यालाही नाही." मुख्य लिपिकांनी तेही लिहून घेतलं. त्या दिवसापासून त्यांच्या नजरेला नजर द्यायचं मी टाळतो, आणि त्यांना बिचाऱ्यांना वाटतं की माझा राग अजून गेला नाही.

दिवाळीनंतर त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. धाडला मी गेलो, जेवलो, आहेरही केला. साडूनं नवरदेवाला माझ्या पुढ्यात आणलं. "पाया पड, हेच ते कॉलेजातले सायेब." पोरगा निमूटपणे वाकला. कॉलेजचं नाव ऐकून त्यानं मान वर करून क्षणभर माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारणार होता असं वाटलं, पण फोटोवाल्यानं त्याला ओढून नेलं. मी पंगतीतून हात धुऊन सरळ बसस्टँडवर आलो. मला तिथे कोणी ओळखू नये एवढंच वाटत होतं.

थंडीच्या दिवसांत ती पदवी प्रमाणपत्र न्यायला आली. जळगाव जामोदच्या एका खासगी शाळेत शिकवते म्हणाली. अंगानं भरली होती, आवाजही मोठा झाला होता. मी तिला बसायला सांगितलं आणि दार लोटलं. मग त्या नोंदीचं एक पान छापून तिच्यापुढे ठेवलं. त्यात एकच ओळ होती. तिनं ती दोनदा वाचली.

"हे तं तुमचं नाव हाय, सर."

"हो. तो मुलगा माझ्या साडूचा पुतण्या. त्यानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं."

बाहेर कोणीतरी शिक्क्यासाठी हाका मारत होतं. ती कागदाकडेच बघत राहिली.

"त्यानं लय फोन केले मले," ती म्हणाली. "रोज करे. मी एकही उचलला नाही. मंग नंबरच ब्लॉक करून टाकला." मग म्हणाली, "लगन झालं ना त्याचं?"

"झालं."

"मंग आता काऊन सांगता, सर?"

या प्रश्नासाठी मी कितीतरी महिने वाक्यं जुळवून ठेवली होती. माफीची होती, जबाबदारीची होती, वाटलं तर माझ्याविरुद्ध तक्रार कर, अर्ज मी लिहून देतो, असंही एक होतं. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. जे खरं होतं तेच तोंडातून निघालं.

"फार मनाला लागून राहिलं होतं. राहवलं नाही."

"हाव का?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं, माह्यासाठी सांगून राह्यले."

मग तिनं रजिस्टर ओढून सही केली, प्रमाणपत्रावरचं नाव नीट तपासलं आणि ते पिशवीत ठेवलं. दार उघडताना सवयीनं "येते सर" म्हणाली. छापलेला कागद तिनं नेला नाही.