भोवत्या मोजणाऱ्या बाई

त्या संध्याकाळी मी पक्षी मोजलेच नव्हते. मी झोपलो होतो. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर बाईंबद्दल चांगलं चांगलं लिहिण्याच्या भरात ते पुन्हा मागे राहील.

बाई आमच्या कॉलनीत राहायच्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी नगरच्या आमच्या टोकाला 'बाई' म्हटलं की त्याच. दसरा झाला की त्या साडीवर नवऱ्याचं जुनं जाकीट चढवायच्या, डाव्या खिशात मूठभर चिंचोके भरायच्या आणि मला हाक मारायच्या, "अरे, गाडी काढ. पाहुणे आले असतील."

पाहुणे म्हणजे भोवत्या. उत्तरेच्या थंड मुलखातून हिवाळ्यापुरता येणारा, लांब पंखांचा शिकारी पक्षी. दिवसभर शेतांवरून नाकतोडे टिपत हिंडतो आणि सूर्य कलला की पारनेरकडच्या एका माळावर, चक्क जमिनीवर, गवतात मुक्कामाला उतरतो. मोजायचा तो तेव्हाच. एक पक्षी उतरला की बाईंचा एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. पक्षी पुन्हा उठला की चिंचोकाही परत. नजर मात्र आभाळावरून हलायची नाही. मी घाईने आकडा बोललो की म्हणायच्या, "बसू दे त्याला आधी."

हे त्यांचं सगळ्यालाच लागू असायचं. माझ्या मुलीला स्थळ आलं आणि मी पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातात धरून म्हणाल्या, "बसू दे रे आधी." ते स्थळ बसलं नाही. पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

माळावर एक मेंढपाळ असायचा. तो रोज टोमणा मारायचा, "बाई, जाता जाता आमची मेंढरं बी मोजून द्या की."

"तुझी मेंढरं उडत नाहीत. त्यात काय मजा?"

"उडाया लागली तर मीच येतो की तुमच्यासंगं मोजाया!" आणि दोघंही हसायचे.

मोजायची पद्धत बाईंचीच. दोघांनी माळाच्या दोन टोकांना बसायचं, दोघांनीही सगळे पक्षी मोजायचे आणि अंधार पडल्यावर गाडीत आकडे सांगायचे. आकडे जवळपास जुळले की बाई थर्मासमधला चहा ओतायच्या.

त्या वर्षी मी एमआयडीसीतली रात्रपाळी करून, दिवसा धड न झोपता गेलो होतो. बांधाला टेकलो आणि डोळा लागला. जागा झालो तेव्हा आभाळ रिकामं होतं. बाईंनी "किती?" विचारलं आणि मला खरं बोलायची लाज वाटली. मी मागच्या वर्षीचा आकडा सांगितला. खरा वाटावा म्हणून त्यातले दोन-तीन कमी केले.

"एक्केचाळीस."

बाईंनी उजव्या खिशातले चिंचोके पुन्हा मोजले. मग म्हणाल्या, "मला बावीसच दिसले."

थर्मास उघडलाच नाही. गाडी सुप्याच्या पुढे आली तेव्हा त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझे डोळे गेले म्हणायचे. जाऊ दे. पक्षी शाबूत आहेत ना, झालं तर."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्याच आठवड्यात त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. त्या वयात सगळ्यांना असतो तेवढा मोतीबिंदू त्यांनाही निघाला, आणि माझ्या थापेवर डॉक्टरचा शिक्का बसला. दुर्बीण त्यांनी माझ्या घरी आणून दिली. "नीट मोजत जा," एवढंच म्हणाल्या. एरवी संध्याकाळी गच्चीवर दिसायच्या, त्याही दिसेनाशा झाल्या.

पुढच्या दसऱ्यानंतर मी एकटा गेलो. तीन संध्याकाळी, टक्क जागा राहून मोजलं. आकडा बाईंच्याच आकड्याच्या आसपास येत राहिला. माळाच्या कडेचं गवत नांगरून काढलेलं होतं आणि नांगरट आणखी आत सरकत होती.

बाई आता नाहीत. त्या असताना त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो, एवढं तरी माझ्या हातून झालं.

त्या भाजी निवडत होत्या. मी बसलोही नाही. सगळं सांगितलं. झोप, मागच्या वर्षीचा आकडा, कमी केलेले दोन-तीन, यंदाची मोजणी, नांगरलेलं गवत. तुमचे डोळे ठीक होते, बाई, असंही म्हणालो. मला वाटलं होतं, त्या रागावतील. किंवा निदान डोळ्यांचं ऐकून सुटकेचा निःश्वास सोडतील.

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हणजे तेव्हाच निम्मे झाले होते?"

"हो."

"आणि मी वर्षभर निवांत बसले. तेव्हाच गावात जाऊन, माळ नांगरू नका म्हणून बोलले असते रे. ऐकलंही असतं त्यांनी."

मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसलो आणि म्हणालो, "बाई, माझं चुकलं. तुमचंही नुकसान केलं मी, आणि पक्ष्यांचंही."