थळच्या कोळीवाड्यातली बायबलबाई

आम्ही नगरकडचं गाव सोडलं तेव्हा आई बैलगाडीमागून ओढ्यापर्यंत चालत आली. ओढा कोरडाच होता. माझ्या मांडीवर करुणा झोपलेली, जेमतेम दोन वर्षांची. माझे यजमान उपदेशक. त्यांची नेमणूक अलिबागला झाली होती आणि त्यांच्याबरोबर मीही बायबलबाई म्हणून जाणार होते, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायच्या. आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "पाण्याच्या फार जवळ घर घेऊ नका." दादा, माझे वडील, चर्चच्या पायरीवर बसून राहिले. निरोप द्यायला ते उठलेच नाहीत, आणि मला ते तेव्हा बरंच वाटलं.

मुंबईहून आगबोटीने रेवसला उतरलो. पहिले कित्येक महिने मला मासळीच्या वासाने जेवण जात नसे. तिकडे बाजरीची भाकरी, इकडे तांदळाची. तिकडे पाऊस यावा म्हणून डोळे लागायचे, इकडे थांबावा म्हणून. आम्हाला अलिबागेत एका शनवार तेल्याच्या अंगणातल्या दोन खोल्या मिळाल्या. ही माणसं इस्राएल लोकांपैकी, म्हणजे यहुदी, पण बोलणं आपलंच मराठी. शनिवारी त्यांचा घाणा बंद, बैल मोकळा. घरमालकीण मिल्काबाई करुणेला कडेवर घेऊन अंगणभर फिरे. "तुजं नाव काय गं?" असं तिला रोज विचारी आणि करुणा रोज तितक्याच ठसक्यात सांगे.

मी थळच्या कोळीवाड्यात जात असे. बायका मासळी वाळत घालता घालता ऐकायच्या, हसायच्या, मला पाणी द्यायच्या. त्यांच्यातली ढाकली सर्वांत मोठ्याने हसायची. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली की म्हणायची, "बाय, आमच्याकडं मेंढरं न्हाईत. जालं हरवल्याची सांग." वर्षं गेली, कोणी प्रभूकडे वळलं नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत तर एकाने तोंडावर विचारलं, "तुमचा देव सायबाचाच ना?" यजमान बाजारात उभे राहून आणखी मोठ्याने उपदेश करू लागले. घरी येऊन मुकाट जेवत. आम्ही दोघं देवाविषयी दिवसभर बोलत होतो. देवाशी शेवटचं कधी बोललो, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात करुणा तापाने गेली.

गावी कळवलं, पण पावसात येणार कोण? चर्चच्या मंडळीतले लोक आले, म्हणाले, प्रभूची इच्छा. मीही पुष्कळ घरांतून हेच वाक्य बोलून आले होते. ते ऐकल्यावर मी भिंतीकडे तोंड केलं. मग मिल्काबाई आली, माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. तांदळाची पेज आणायची, माझ्यापुढे ठेवायची, बोलायची काही नाही. शेवटी मीच विचारलं, "तुम्ही काही म्हणत का नाही?"

"आमच्यात सात दिवस असंच बसतात," ती म्हणाली. "तुम्ही आमच्यातल्या नाही. पण पोर माझ्या अंगणात वाढली ना."

त्यानंतर पुष्कळ दिवस मी थळला गेले नाही. प्रार्थनेला बसले की पाठ असलेले शब्द तोंडात यायचे आणि मला त्यांचा कंटाळा यायचा. एका सकाळी विहिरीवर कळशी भरून ठेवली आणि ती उचलवेचना. मी तिथेच बसले. म्हटलं, "बापा, मी थकले. तुझ्याबद्दल सांगून सांगून थकले. तू कुठे आहेस?"  ते बोलणं माझं होतं, कोणाला ऐकवण्यासाठी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. कधी भांडले, कधी नुसती करुणेबद्दल बोलले. हळूहळू असं वाटू लागलं की कोणीतरी ऐकतंय. त्याहून मोठं काही घडलं नाही.

यजमान हे लांबून पाहत असावेत. एके दिवशी कळशी घ्यायला म्हणून आले आणि शेजारी बसले. "मला शब्दच सुचत नाहीत गं," म्हणाले. इतकी वर्षं बाजार गाजवणारा हा माणूस. मी म्हटलं, "मग नुसते बसा."

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या आणि वादळात ढाकलीचा नवरा परत आला नाही. मी गेले ती पुस्तकांची पिशवी घरी ठेवूनच. ढाकली दारात बसली होती, डोळे कोरडे. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. दुपार कलली तेव्हा ती म्हणाली, "आज गोष्ट न्हाय सांगत?"

"नाही."

"तुजा देव आज बोलत न्हाय काय?"

"नाही गं. आज तोही बसलाय."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.

पुढे कित्येक महिन्यांनी ती आपणहून अलिबागला आली. "मना गोष्टी नको," म्हणाली. "तू त्याच्यासंगं बोलतेस ना, तसं बोलायला शिकव." ती, मी आणि हे, आम्ही तिघं विहिरीपाशी बसलो. ती तिच्या भाषेत नवऱ्याबद्दल बोलली, शेवटी आमेनच्या जागी "व्हय" म्हणून थांबली. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. घरच्या देवीलाही ती अजून नारळ देते. मिशनचे साहेब विचारतात, इतक्या वर्षांत तुमच्या हातून काय झालं? मी सांगते, ढाकली येते. 

आता पाय सुजतात, थळची वाट लांब वाटते. धाकटी बहीण यमुना केव्हापासून बोलावत होती, "आक्का, पुरे झालं, घरी या." मागच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो. आई-दादा कधीच गेले. ओळखीच्या भिंती, ओळखीचं ऊन. सगळ्यांनी फार मायेने केलं. रविवारी चर्चमध्ये मला प्रार्थना करायला सांगितली. मी डोळे मिटले आणि आजारी माणसांसाठी मागितलं, पोरांसाठी मागितलं. मग म्हणाले, "आणि बापा, बाहेर गेलेल्या सगळ्या होड्या सुखरूप किनाऱ्याला आण."

कोणीतरी हसू दाबलं. यमुनेने हळूच माझा हात धरला. "आक्का, इथे कुठल्या होड्या?"

मी यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते आणि ते "आमेन" म्हणाले. पुढच्याच आठवड्यात आम्ही रेवसच्या आगबोटीत बसलो.